खांब कुजले, खळगे उरले: इनामगावच्या झोपड्यांची पार्श्वभूमी

पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडात झोपडी सापडली, म्हणजे भिंती-छप्पर सापडलं असं नव्हे. कुड आणि गवत केव्हाच मातीत मिसळलेलं असतं. उरते ती चोपून सारवलेली जमीन आणि तिच्या कडेने वेगळ्या रंगाच्या भुसभुशीत मातीचे गोल ठिपके. खांब कुजला की खळग्यात दुसरी माती उतरते. असे ठिपके जोडत गेलं की घराचा आकार उमटतो.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला अशी शंभराहून अधिक घरं उमटली. डेक्कन कॉलेजने १९६८ साली तिथे खणायला सुरुवात केली. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी ही त्यातल्या पुरातत्त्वज्ञांची मुख्य नावं. वस्ती ताम्रपाषाणयुगातल्या, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या काळातल्या शेतकऱ्यांची, साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० दरम्यानची.

पहिले वस्तीकर माळवा संस्कृतीचे (माळव्यावरून नाव पडलेली ताम्रपाषाणयुगीन संस्कृती). त्यांची घरं मोठी, बहुतेक आयताकृती, बुटक्या मातीच्या भिंतींची. पुढे जोर्वे काळात, म्हणजे माळवा संस्कृतीनंतरच्या टप्प्यात, कालवा खोदला गेला, जव हे मुख्य पीक होतं. याच काळातलं पाच खोल्यांचं एक घर गावप्रमुखाचं मानतात, कारण त्याला लागूनच कोठार होतं. दगावलेली तान्ही मुलं दोन मडक्यांची तोंडं जोडून घरातल्याच जमिनीखाली पुरत. मोठ्यांना पुरताना त्यांचे पाय घोट्याखाली तोडत. का, याची उत्तरं बरीच दिली गेली. मला त्यातलं एकही पुरेसं पटत नाही.

इ.स.पू. १००० नंतर चित्र पालटतं. मोठी घरं मागे पडून लहान गोल झोपड्या दाटीवाटीने दिसू लागतात. ढवळीकरांनी याचा संबंध कमी झालेल्या पावसाशी लावला: शेती खालावली, माणसं शिकारीकडे आणि गुरांकडे वळली. नुसत्या गोल आकारावरून गरिबी ठरवणं धाडसाचंच, गोल घर बांधणारे सगळे काही कंगाल नसतात. पण इथे घरं आक्रसली आणि शेवटी गावच उठलं, तेव्हा हा तर्क सहज झटकून टाकता येत नाही.

काही घरांत जमिनीवर चार चपटे दगड मांडलेले सापडले. चार पायांचा धान्याचा रांजण त्यांच्यावर उभा राहायचा.