जाळी मागण्याआधी रेती आणा

‘बोअरमधून रेती येते, असेल ती सगळ्यात बारीक जाळी द्या.’ कन्हानकाठचे, कामठी-सावनेरकडचे बहुतेक ग्राहक येतात ते हेच म्हणत. आम्ही आधी विचारतो, रेती आणली का? जाळी म्हणजे बोअरच्या पाइपचा फटी असलेला भाग, त्यातूनच पाणी आत येतं. बारीक जाळी रेती अडवते हे खरं, पण रेतीसोबतचा गाळही अडवते आणि तो तिच्या फटींतच बसतो. मग पाणीही अडतं.

सुरुवातीला आम्हीही मागेल तशी जाळी देत होतो. एका संत्रा बागायतदाराचा बोअर पहिल्याच उन्हाळ्यात निम्म्यावर आला. जमिनीत पाणी होतं, बुजलेल्या जाळीतून आत येत नव्हतं. त्यांची झाडं आम्ही विसरलेलो नाही, म्हणून हे पत्रक.

ही अडचण फक्त आपल्या शेतातली नाही. मार्च २०१३ मध्ये जपानने समुद्रात सुमारे हजार मीटर पाण्याखालच्या तळातून गॅस हायड्रेटचा वायू काढून पाहिला. हायड्रेट म्हणजे बर्फासारख्या पिंजऱ्यात कोंडलेला मिथेन. विहिरीतला दाब उतरवला की तो सुटतो. पण थरातली रेतीही त्याच बर्फाने धरलेली असते. बर्फ विरघळला, रेती सुटली, विहिरीत शिरली आणि सहा दिवसांत चाचणी थांबवावी लागली. २०१७ मध्येही त्यांच्या एका विहिरीला रेतीनेच त्रास दिला. त्याच वर्षी चीनने दक्षिण चीन समुद्रात ६० दिवस वायू काढला, पण तिथला थर चिकणगाळाचा. त्या कणांना थोपवेल इतकी बारीक जाळी लावली तर वायूची वाटही बंद होते.

तिथे जाळी आणखी दोन कारणांनी बुजते. हायड्रेट फुटला की गोडं पाणी सुटतं आणि खाऱ्या पाण्यातली चिकणमाती त्याने फुगते. आपली काळी माती पावसात भेगा कशी मिटवते ते आठवा. मातीचा गुण तोच. दुसरं, फटीजवळ गारवा वाढला तर वायू आणि पाणी मिळून तिथेच पुन्हा हायड्रेट धरतं. आपल्या बोअरमध्ये असंच काम चुना करतो. जाळीपाशी दाब घटतो, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि क्षार तारांवर जमतात. असा थर कॉम्प्रेसरने धुऊन निघत नाही. त्याला आम्लाचा उपचार लागतो. तो जाणत्या माणसाकडूनच करून घ्या, घरी नको.

आमची पद्धत साधी आहे. तुमची रेती वाळवून चाळण्यांतून काढतो आणि तिचा मधला दाणा ठरवतो, म्हणजे ज्याहून निम्मी रेती बारीक आणि निम्मी जाड असते तो. जाळीभोवती त्याच्या पाच-सहा पट जाडीची धुतलेली गोटी, म्हणजे गोल बारीक खडी, भरायची आणि फट अशी घ्यायची की ती गोटी अडेल. रेती गोटीने अडवायची, जाळीने नाही. गोटीत माती राहिली तर सगळी मेहनत वाया, म्हणून गोटी भरताना आमचा माणूस समोर असतो.

नव्या बोअरवर पंप पहिल्याच दिवशी पूर्ण सोडू नका. व्हॉल्व्ह थोडा उघडून पाणी निवळू द्या, मग वाढवा. एकदम उपसलं की बारीक कण घाईने जाळीकडे धावतात आणि तिथेच अडकून बसतात.

पश्चिमेकडे काळ्या दगडात बोअर असेल तर बहुधा जाळी लागतच नाही. तसं असलं तर आम्ही स्पष्ट सांगू.

येताना दर दहा फुटांची रेती वेगळ्या पिशवीत आणा, प्रत्येकी अर्धा किलो, खोली लिहून. धुऊन आणू नका, गाळासकटच हवी.