बोटं नडगीवरच का अडतात?

पश्चिमोत्तानासनाला, म्हणजे पाय समोर लांब करून पुढे वाकायला बसले, की पहिले काही आठवडे माझी बोटं नडगीच्या मध्यावर येऊन अडायची. मांडीमागे अशी रग लागायची, की पुढे जायची सोयच नाही. ‘शिरा आखडल्यात, होतील मोकळ्या,’ असं घरचे सांगायचे. दोन महिन्यांनी बोटं पायाच्या अंगठ्याला टेकली तेव्हा मीही तेच धरून चालले. प्रत्यक्षात शिरांचा इथे काही संबंध नव्हता, आणि स्नायूही फारसे लांबले नव्हते.

मांडीमागच्या स्नायूंमध्ये ताण ओळखणारे बारीक अवयव पेरलेले असतात. सूत कातायच्या चातीसारखे, मध्ये फुगीर, टोकांना निमुळते. स्नायू झटक्यात ताणला गेला, की ते मज्जारज्जूला कळवतात आणि तिथूनच उलटा हुकूम सुटतो: आवळ! मेंदूला विचारायची भानगड नाही. डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडतो तो याच वाटेनं. त्यामुळे हिसके देत पायाकडे झेपावणं म्हणजे आपणच आपल्याशी रस्सीखेच.

सावकाश वाकून थांबलं, की हा विरोध ओसरतो. उरते ती ओढ, ते दुखणं. किती वाकायचं हे बहुतेक वेळा तेच ठरवतं. तीन ते आठ आठवडे नियमित ताण दिलेल्या माणसांवरच्या बऱ्याच प्रयोगांत एक गंमत दिसली: माणूस आधीपेक्षा जास्त वाकतो, पण आधीच्याच कोनात मोजलं तर स्नायूचा विरोध जवळपास तेवढाच भरतो. वाढलेली असते ती सोसण्याची तयारी. इथवर आलं तरी काही बिघडत नाही, हे मज्जासंस्थेला रोज थोडं थोडं पटत जातं. ‘योगानं माणूस बदलतो’ हे वाक्य मला एरवी जरा फुगवलेलं वाटतं. या अर्थानं मात्र मी ते मान्य करते.

हे सोसताना हाताशी असतो श्वास. मनगटावर बोटं ठेवून शांत बसा. श्वास घेताना नाडी किंचित पळते, सोडताना मंदावते. कारण उच्छ्वासात व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाचा लगाम खेचतो. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. ते सहावर आणले तर एक श्वास दहा सेकंदांचा होतो. आपल्या रक्तदाबातही मुळातच साधारण दहा सेकंदांची एक लाट असते. दोन्ही जुळले, की झोका नेमक्या क्षणी ढकलल्यासारखं होतं आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा जास्त तत्पर होते. इटलीतले संशोधक लुचियानो बर्नार्डी यांनी २००१ मध्ये २३ जणांना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा बौद्ध मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास आपसूक मिनिटाला सहाच्या आसपास आला. आमच्या आळीतल्या हरिपाठाच्या मंडळींपुढे घड्याळ घेऊन बसायची मला तेव्हापासून फार इच्छा आहे.

मोजून बघायचं हे वेड आपल्याकडेही जुनंच. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२० नंतरच्या काळात बडोद्याच्या रुग्णालयात योगक्रियांचे एक्स-रे काढून घेतले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही त्याच वर्षी सुरू केलं. नौली, म्हणजे पोट आत ओढून त्याचे स्नायू फिरवायची क्रिया, करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, हे त्यांनी दाबमापक लावून दाखवलं आणि त्या पोकळीला आपले गुरू माधवदास यांचं नाव दिलं. गुरुदक्षिणेचा असा प्रकार माझ्या तरी दुसरा पाहण्यात नाही.

राहिला रोजचा नेम. एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात, त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या सवयींवर नजर ठेवली. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं. कुणाला १८ पुरतील, कुणाला २५४ लागतील. एखादा दिवस चुकला तर मात्र फारसं अडत नव्हतं.

मंगळवारी पाहुणे होते, सतरंजी उलगडलीच नाही. बुधवारी बोटं अंगठ्याच्या दोन बोटं अलीकडे थांबली. स्वयंपाकघरात कुकरची दुसरी शिट्टी झाली तेव्हा टेकली.