व्हायोलावादकाची दुहेरी वाट: मैफल आणि शिकवणी

पाच-सहा वर्षं व्हायोलिन नीट वाजवलेला विद्यार्थी व्हायोलाकडे, म्हणजे व्हायोलिनच्याच घडणीच्या पण मोठ्या आणि खर्जातल्या वाद्याकडे, वळायचं म्हणतो, तेव्हा नाशिकच्या घरात पहिला प्रश्न निघतो तो पोटापाण्याचा: याच्या मैफली होणार कुठे? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर वाद्याच्या इतिहासात आहे आणि तो इतिहास समजायचा तर आधी वाद्याचं माप बघावं लागतं.

व्हायोलाच्या तारा व्हायोलिनपेक्षा एका पंचमाने (सा ते प एवढ्या अंतराने) खाली असतात: खालून वर सी, जी, डी, ए. एवढा खर्ज व्हायोलिनच्याच ताकदीने घुमायला हवा, तर १४ इंचांच्या व्हायोलिनच्या दीडपट, म्हणजे जवळजवळ २१ इंचांचं पोकळ अंग लागेल. ते हनुवटीखाली धरून वाजवणं अशक्य. म्हणून १५ ते १६.५ इंचांवर तडजोड झाली. तिच्यामुळे खालची तार जरा उशिरा बोलते आणि स्वर किंचित घोगरा, आतल्या आवाजाचा येतो. हाच आवाज पुढे या वाद्याची ओळख ठरला. पण दीर्घकाळ व्हायोलाकडे वाद्यवृंदातली मधल्या स्वरांची जागा भरण्याचंच काम होतं आणि तिथे बरेचदा व्हायोलिनवर मागे पडलेले वादक बसवले जात.

मोझार्टने १७७९ मध्ये व्हायोलिन-व्हायोलाच्या सिंफोनिया कॉन्चेर्तान्तेत (वाद्यवृंदासमोर एकाहून अधिक एकल वादकांची रचना) व्हायोलाच्या तारा अर्ध्या स्वराने चढवायला सांगितल्या. आवाज उजळ व्हावा आणि व्हायोलिनच्या बरोबरीने ऐकू यावा, हा हेतू. १८३४ मध्ये रचनाकार बर्लिओझने नामांकित व्हायोलिनवादक पागानिनीसाठी ‘हॅरल्ड इन इटली’ हे व्हायोला आणि वाद्यवृंदाचं संगीत लिहायला घेतलं, पण व्हायोलाला विश्रांतीच फार आहे असं म्हणत पागानिनीने ते वाजवलंच नाही.

एकल वादकाची वाट खऱ्या अर्थाने लायनेल टर्टिसने (१८७६–१९७५) काढली. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये तो व्हायोलिन शिकत होता. चार तंतुवाद्यांच्या एका चौकडीत व्हायोलावादक हवा होता म्हणून त्याने हे वाद्य हाती घेतलं आणि मग सोडलं नाही. पुढे तो तिथेच शिकवू लागला. वाजवायला रचना नाहीत, हे दिसल्यावर त्याने यॉर्क बोवेन, बेंजामिन डेल अशा अकॅडमीतल्याच तरुण रचनाकारांकडून त्या लिहून घेतल्या. म्हणजे वाद्याचं भांडार मैफलीइतकंच शिक्षणसंस्थेतही वाढलं. इंग्रज रचनाकार वॉल्टनचा कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंदाची रचना) मात्र टर्टिसने फार आधुनिक वाटल्याने परत पाठवला. १९२९ मध्ये तो जर्मन रचनाकार आणि व्हायोलावादक हिंडेमिथने वाजवला आणि नंतर टर्टिसनेही स्वीकारला. विल्यम प्रिमरोझ (१९०४–१९८२) मूळचा व्हायोलिनवादक. चौकडी, संचालक टोस्कानिनीचा अमेरिकेतला एनबीसी वाद्यवृंद, मग एकल मैफली आणि उत्तरायुष्यात अध्यापन असा त्याचा क्रम. हंगेरियन रचनाकार बार्टोकचा व्हायोला कॉन्चेर्तो त्याच्याच मागणीवरून सुरू झाला. आजही बहुतेक व्हायोलावादकांचं आयुष्य असंच चालतं: वाद्यवृंद किंवा चौकडी, जोडीला शिकवणी आणि कधीमधी एकल मैफल.

नाशिककराला ही जोडी परकी वाटू नये. गाणं घराण्याच्या ओसरीतून वर्गात, लेखी स्वरलिपी आणि ठरीव अभ्यासक्रमापर्यंत आणणारे विष्णु दिगंबर पलुसकर आयुष्याच्या उत्तरार्धात इथेच, पंचवटीत राहिले. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हापासून आपल्याकडे गाणारा-वाजवणारा शिकवतोही, हे गृहीतच धरलं गेलं. गजाननबुवा जोशी गायचे, व्हायोलिन वाजवायचे आणि दोन्ही शिकवायचे. दक्षिणेत कर्नाटक संगीताचे गायक बालमुरलीकृष्णांनी व्हायोलाला मैफलीत बसवलं. पाश्चात्त्य बाजाने वाजवायचं असेल तर मात्र मुंबई गाठावी लागते. तिथल्या एनसीपीए या कलाकेंद्रातला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे. नाशकात राहून शिकवायचं आणि तालमींना मुंबईला जायचं, हे जमतं, पण प्रवासाचा दिवस सरावाचा उरत नाही, हे आधीच धरून चालावं.

व्हायोलिनवरून येणाऱ्याचं पहिल्या काही महिन्यांत दोन ठिकाणी अडतं. पहिलं गजाचं, म्हणजे तारांवर ओढायच्या काठीचं. व्हायोलाचा गज साधारण ७० ग्रॅमचा, व्हायोलिनचा ६० च्या आसपास. व्हायोलिनच्या सवयीने तो भरभर आणि हलका ओढला की सी तार शिट्टी मारते; घाबरून दाबला की खरखरते. गज घोडीच्या (तारा पेलणाऱ्या उभ्या लाकडी पट्टीच्या) थोडा जवळ, संथ, हाताचं वजन सोडून चालवावा. दुसरं डाव्या हाताचं: तारेची लांबी ३७ सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे स्वरांतली अंतरं वाढतात. करंगळी ताणून स्वर गाठण्याचा हट्ट केला की अंगठा आवळतो आणि मनगट दुखू लागतं. कोपर आत घ्यावं, हात करंगळीच्या बाजूने सरकवावा. लहान मुलांना पूर्ण मापाच्या व्हायोलिनवर व्हायोलाच्या तारा चढवून देता येतात. आवाज बारीक येतो, पण हात वाचतो. मोठं वाद्य लवकर देण्याची घाई आम्हाला सर्वांत घातक वाटते.

हिंदुस्थानी पद्धतीने प-सा-प-सा लावायचं तर व्हायोलाला काळी तीन (पेटीची तिसरी काळी पट्टी, एफ शार्प, हा सा) सोयीची. सी अर्ध्या स्वराने चढते, बाकीच्या तिन्ही उतरतात. त्याहून वर चढवलं तर सी तारेवर आणि घोडीवर ताण येतो. उलट ए तार तीन अर्धस्वर उतरल्यामुळे सैल पडते. रोज असंच वाजवायचं असेल तर तिथे जाड तार घालावी.

नाशिकची हवाही शिकवावी लागते. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, खुंट्या घसरतात, जोड उघडतात. पावसाळ्यात त्याच खुंट्या अडकून बसतात. वाद्याच्या खोक्यात आर्द्रतामापक ठेवून ४० ते ६० टक्क्यांत वाद्य राखावं. व्हायोलाच्या गजाला लावायची मऊ, गडद राळ उन्हाळ्यात चिकट होते. ते दोन महिने थोडी कडक राळ वापरावी आणि वादनानंतर तारा कोरड्या फडक्याने रोज पुसाव्यात.