पार्श्वभूमी : पक्षाघात कोणाच्या खात्यावर?

हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी जगभरात २०२२ मध्ये सुमारे १ कोटी ९८ लाख माणसे दगावली. १९९० मध्ये हाच आकडा १ कोटी २४ लाखांच्या आसपास होता. मृत्यू दीडपटीहून अधिक झाले, आणि त्याच काळात वयाचा फरक काढून टाकून मोजलेला मृत्युदर मात्र जवळपास एक तृतीयांशाने उतरला. दोन्ही आकडे खरे आहेत. माणसे संख्येने वाढली आणि म्हातारपणापर्यंत जगू लागली, म्हणून एकूण मृत्यू वाढले. साठीच्या माणसाला हा रोग नेण्याची शक्यता मात्र तीस वर्षांपूर्वीपेक्षा कमी झाली आहे. यातला कोणता आकडा मथळ्यावर जातो, ते बहुधा निधी मागायचा आहे की कामगिरी दाखवायची आहे यावर ठरते.

१९९० च्या आधी असा जागतिक आकडा नव्हताच म्हटले तरी चालेल. ज्या देशांत मृत्यूची नोंद चोख होती, तिथल्या वह्या होत्या. अमेरिकेत हृदयविकाराच्या मृत्यूंनी १९६८ च्या सुमारास शिखर गाठले आणि मग ते उतरू लागले. फिनलंडमधील उत्तर कारेलियात १९७२ पासून लोणी, मीठ आणि सिगारेट यांच्यामागे गावेच्या गावे लागली आणि पुढच्या चार दशकांत कामकरी वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. त्या काळी हा सुखवस्तूंचा रोग समजला जाई. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९९३ च्या अहवालासाठी सगळ्या जगाचा हिशेब प्रथमच एका पद्धतीने मांडला गेला. अकाली मृत्यूने हुकलेली वर्षे आणि आजारपणात अधूपणे काढलेली वर्षे यांची त्यात बेरीज होती. ‘रोगाचे ओझे’ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो तिथून. त्या हिशेबात १९९० साली हृदयाच्या धमन्यांच्या विकाराचे ६३ लाख आणि पक्षाघाताचे ४४ लाख मृत्यू निघाले. हृदयविकाराच्या त्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक गरीब आणि विकसनशील देशांतले होते. सुखवस्तूंच्या रोगाची कल्पना खरे तर तिथेच मोडायला हवी होती. धोरणात ती मोडायला आणखी वीस वर्षे लागली. न्यूयॉर्कला सरकारांची या विषयावर उच्चस्तरीय बैठक भरली ती सप्टेंबर २०११ मध्ये.

हा सगळा हिशेब शेवटी उभा असतो तो मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरने लिहिलेल्या एका ओळीवर. ती ओळ किती भरवशाची? ‘हृदयक्रिया बंद पडून निधन’ हे वाक्य मराठी वृत्तपत्रांच्या निधनवार्तांत आपण लहानपणापासून वाचतो. हृदयक्रिया बंद पडल्याशिवाय मरण येत नाही, तेव्हा यात कारण काहीच सांगितलेले नसते. आकडेशास्त्रज्ञ अशा नोंदींना उघडपणे ‘कचरा’ म्हणतात आणि त्या ठरावीक गणिताने खऱ्या कारणांत वाटून टाकतात. जपानमध्ये १९९५ पासून दाखल्याचा नमुना बदलला आणि शेवटच्या अवस्थेतले ‘हृदय निकामी’ हे कारण म्हणून लिहू नका, असे डॉक्टरांना सांगण्यात आले. लगेच हृदयविकाराचे मृत्यू धाडकन खाली आले आणि पक्षाघात देशातले दुसऱ्या क्रमांकाचे कारण ठरला. एका छापील सूचनेने हे केले. रोग होता तिथेच होता.

पक्षाघाताची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि ओझ्याच्या चर्चेत ती फारशी सांगितली जात नाही.

आपल्याकडे या आजाराला एक नाव नाही. पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा. आता शहरात ब्रेन स्ट्रोक किंवा नुसतेच ‘स्ट्रोक’. खेड्यात अजून ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. या प्रत्येक नावात रोगाची जागा वेगळी आहे : कुठे लुळी पडलेली बाजू, कुठे वात, कुठे मेंदू. रक्तवाहिनी मात्र एकाही नावात नाही. जागतिक वर्गीकरणात जवळजवळ उलटे झाले. रोगांच्या आंतरराष्ट्रीय यादीत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पक्षाघात मज्जासंस्थेच्या प्रकरणात होता. पुढे तो रक्ताभिसरणाच्या प्रकरणात हलवला गेला आणि दहाव्या आवृत्तीतही आय ६० ते आय ६९ या खणांत, हृदयविकाराच्या शेजारी राहिला. युक्तिवाद सरळ होता. गुठळी अडकते ती रक्तवाहिनीत, फुटते तीही रक्तवाहिनीच, आणि दोन्हीमागे बहुतेकदा वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेला रक्तदाब असतो.

त्या काळात या वर्गीकरणाने कोणाचे बिघडतही नव्हते, कारण पक्षाघातावर करण्यासारखे फार थोडे होते. रुग्णाला अंथरुणावर ठेवायचे, मालीश करायचे आणि वाट पाहायची. चित्र पालटले ते १९९५ नंतर. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या तीन तासांत दिले तर पुष्कळ रुग्ण बऱ्यापैकी सावरतात, हे त्या वर्षी दिसून आले. पुढे ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली, आणि २०१५ मध्ये मोठी गुठळी तारेने बाहेर काढण्याची पद्धतही चाचण्यांत उतरली. आता पक्षाघात हा घाईचा आजार झाला आणि ती घाई मेंदूच्या डॉक्टरांच्या अंगावर पडली. वॉर्ड त्यांचा, रात्रपाळी त्यांची. आकडे मात्र हृदयाच्या खात्यावर जमा होत, आणि अनेक देशांत आकड्यांमागून पैसाही तिकडेच जाई.

म्हणून अकरावी आवृत्ती घडत असताना मेंदूतज्ज्ञांनी पक्षाघात मज्जासंस्थेच्या प्रकरणात परत नेण्याचा आग्रह धरला. मसुद्यात तो काही वर्षे तिथे होताही. २०१६ मध्ये आकडेवारी सांभाळणाऱ्यांच्या हरकतीवरून तो पुन्हा रक्ताभिसरणात आणला गेला. त्यांची अडचणही खरी होती : अर्ध्या शतकाहून जास्त काळाची मालिका मध्येच तुटेल, आणि एखाद्या देशात हृदयविकार ‘घटल्याचा’ भास नुसत्या पान उलटण्याने होईल. जपानचे उदाहरण डोळ्यांसमोर असताना ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. मेंदूतज्ज्ञांच्या संघटनांनी जोरदार निषेध केला, आणि २०१७ मध्ये पक्षाघात अखेर मज्जासंस्थेच्या प्रकरणात गेला. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली.

प्रस्तुत लेखकाला हा निर्णय योग्य वाटतो. रोग जिथे नुकसान करतो तिथे त्याचे घर असावे; नाहीतर मधुमेहाने गेलेला पायही रक्तवाहिन्यांच्याच खात्यावर लावावा लागेल. पण त्याची एक किंमत आहे. पक्षाघात टाळण्याचे बहुतेक उपाय हृदयविकार टाळण्याचेच आहेत : मीठ, तंबाखू, रक्तदाबाची रोजची गोळी. खाते बदलल्यावर प्रतिबंधाच्या कामाकडे दोन्ही बाजू ‘तुमचे काम’ म्हणून बघणार नाहीत, याची खात्री कोणी दिलेली नाही.

एक चमत्कारिक परिणाम तर झालाच आहे. जागतिक ओझे मोजणारा अभ्यास पक्षाघात अजूनही हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या गटात धरतो. वर सांगितलेल्या दोन कोटींच्या आसपासच्या मृत्यूंपैकी साधारण एक तृतीयांश त्याचे आहेत. त्याच अभ्यासाने २०२४ मध्ये मज्जासंस्थेच्या विकारांचा वेगळा हिशेब प्रसिद्ध केला आणि त्यातही पक्षाघात धरला; ओझ्याच्या बाबतीत तो तिथे पहिला आला. म्हणजे तोच मृत्यू दोन मथळ्यांत येतो. कोणी दोन्ही आकडे एकत्र मिळवू नयेत, एवढेच.

भारताचे आकडे वाचताना आणखी एक थर लक्षात घ्यावा लागतो. एकूण मृत्यूंत या गटाचा वाटा १९९० मध्ये १५.२ टक्के होता, तो २०१६ मध्ये २८.१ टक्के झाला, असा अंदाज आहे. अंदाज म्हणण्याचे कारण असे की २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांना डॉक्टरने प्रमाणित केलेले कारण होते. गोव्यासारखे छोटे राज्य याला अपवाद. तिथे जवळपास प्रत्येक मृत्यूला तसे कारण मिळते. बाकी ठिकाणी घरी जाऊन विचारावे लागते : छातीत कळ आली होती का, घाम फुटला होता का, तोंड वाकडे झाले होते का. घरच्यांच्या उत्तरांवरून डॉक्टर कारण ठरवतात. ही पद्धत वाटते तितकी कच्ची नाही. पण ऐंशीच्या आजोबांचे ‘वयाने गेले’ आणि पंचेचाळिशीच्या माणसाचे ‘झोपेतच गेला’ यांतून नेमके कारण काढणे अवघडच. त्यातही आपल्याकडे पंचेचाळिशीची माणसे यात जास्त सापडतात. ५२ देशांतल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या रुग्णांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला आढळला, इतरत्र साधारण ५९ व्या.

नवी आवृत्ती लागू झाली तरी प्रत्येक देश आपल्या सवडीने तिकडे वळतो, त्यामुळे काही वर्षे दोन्ही याद्या सोबत चालतील. दहाव्या यादीत आय ६४ असा एक खण आहे : गुठळी की रक्तस्राव हे न कळलेला पक्षाघात. सीटी स्कॅन झाला नाही की रुग्ण या खणात जातो. अकराव्या यादीत हा खण मज्जासंस्थेच्या प्रकरणात ८बी२० या क्रमांकाने कायम आहे.