चोबे की ओकावांगो? बोट दोन्हीकडे, सहल मात्र वेगळी

बोत्स्वानाच्या सहलीचं पत्रक उघडलं की 'जीप सफारी आणि बोट सफारी' असं एका दमात छापलेलं असतं. एका फोटोत हत्तींच्या कळपासमोर थांबलेली मोटरबोट, दुसऱ्यात कमळांमधून वाट काढणारा अरुंद डोंगा. पहिला चोबेचा, दुसरा ओकावांगोचा. दोन्ही जागा देशाच्या उत्तरेला, हत्ती, पाणघोडे आणि मगरी दोन्हीकडे, त्यामुळे 'चोबे केलं म्हणजे ओकावांगो झालंच की' असं आपण धरून चालतो. सोबत लहान मुलं असतील तर हा समज महागात पडतो, आणि बोत्स्वाना तसाही स्वस्त देश नाही.

चोबे ही काठ असलेली, रीतसर नदी. अंगोलात उगम पावते, वाटेत क्वांडो, लिन्यांती अशी नावं बदलत येते आणि कझुंगुलाजवळ झांबेझीला मिळते. (तिथे 2021मध्ये सुरू झालेला पूल मुद्दाम वळवून बांधलाय, झिंबाब्वेच्या हद्दीत पाऊल पडू नये म्हणून. मुलांना नकाशावर दाखवा, मजा वाटेल.) पावसाळा संपला की आतल्या जंगलातली तळी एकेक करून आटतात आणि मोठ्या टापूतल्या जनावरांना पाण्यासाठी नदीच उरते. बोत्स्वानात सुमारे 1,30,000 हत्ती आहेत, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. कोरड्या महिन्यांत दुपार कलली की त्यांचे कळपच्या कळप काठावर उतरतात. म्हणजे इथे जनावरं शोधत हिंडायचं नसतं, ती येतात तिथे आधी जाऊन थांबायचं असतं.

बोटी कासाने गावातून निघतात. तळ सपाट, वर छप्पर, बसायला नीट खुर्च्या. नावाडी इंजिन बंद करून बोट काठाजवळ आणतो आणि मग बघत बसायचं. हत्ती सोंडेने गवताचा झुबका उपटतो, पाण्यात खळखळून आपटतो, मुळांची माती गेली की मगच तोंडात घालतो. रेती चावून दात झिजतात, म्हणून ही धुणी. नदीतल्या सेदुदू बेटावर चरायला जाताना कळप पोहत जातो, पिल्लं मधे, सोंडा नळीसारख्या वर. हे बेट कुणाचं यावरून बोत्स्वाना आणि नामिबिया हेगच्या न्यायालयात गेले होते. 1999मध्ये निकाल बोत्स्वानाच्या बाजूने लागला. हत्ती तेव्हाही दोन्हीकडे जात होते.

ओकावांगोचं गणितच निराळं. ही नदीही अंगोलातूनच येते, पण समुद्राला मिळत नाही. कालाहारीच्या वाळूत पंख्यासारखी पसरते आणि तिथेच संपते. बहुतेक पाणी वाफ होऊन जातं, थोडं जमिनीत मुरतं. अंगोलातल्या डोंगरांत पाऊस पडतो साधारण डिसेंबर ते मार्च, पण उतार इतका नाममात्र की ते पाणी माउन गावाजवळ पोचेपर्यंत जून-जुलै उजाडतो. म्हणजे आभाळातून थेंब पडत नसतो, ऐन कोरडा हंगाम असतो, आणि जमीन मात्र पाण्याखाली जात असते. 2014मध्ये हा त्रिभुज प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतलं हजारावं स्थळ ठरला.

इथलं वाहन म्हणजे मोकोरो, पत्रकातला तो अरुंद डोंगा. पूर्वी एकाच झाडाच्या खोडातून कोरायचे, आता झाडं वाचावीत म्हणून बरेचसे फायबरचे असतात. दोन प्रवासी पाय लांब करून बसतात, मागे उभा राहून एकजण लांब काठीने तळाला रेटा देतो. पाणी कडेपासून वीतभर खाली. पण मोकोरोतून मोठी जनावरं दिसतील या अपेक्षेने जाऊ नका. काठीवाला खोल प्रवाह मुद्दाम टाळतो, कारण तिथे पाणघोडे असतात. दिसतं ते बारीक: लव्हाळ्याच्या काडीला चिकटलेला, नखाएवढा, रंगीत पट्ट्यांचा बेडूक. नितळ पाण्याखालची वाळू. आणि बेटं, ज्यांतली कित्येक वारुळापासून सुरू झालेली. वारूळ पाण्यावर राहतं, त्यावर पक्षी बसतात, त्यांच्या विष्ठेतल्या बिया रुजतात आणि झाडांनी अडवलेल्या मातीने बेट वाढत जातं.

मोठ्यांना हे वेड लावतं. सहा वर्षांच्या मुलाला अर्ध्या तासात कंटाळा येतो, आणि डोंग्यात कंटाळलेलं मूल ही गंमतीची गोष्ट नाही. म्हणूनच बऱ्याच कॅम्पांत मोकोरो आणि पायी फेरी यांना बारा वर्षांच्या आसपास वयाची अट असते. प्रत्येक कॅम्पचा नियम वेगळा, तेव्हा पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. चोबेच्या बोटीत मूल उठून चार पावलं टाकू शकतं, हा फरक घरच्यांनाच कळतो.

जमिनीवरच्या सफारीत एवढा फरक नाही. चोबे राष्ट्रीय उद्यानात आणि ओकावांगोतल्या मोरेमी अभयारण्यात (1963मध्ये तिथल्या बाटावाना लोकांनी आपल्याच जमिनीवर राखलेलं) गाडीने रस्ता सोडायचा नाही आणि रात्री फिरायचं नाही. रात्रीची फेरी हवी तर त्रिभुज प्रदेशातल्या खाजगी क्षेत्रांत जावं लागतं आणि तिथले दर बघून बहुतेकांचा विचार बदलतो.

आपल्याकडे खरा पेच सुट्ट्यांचा. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर ओकावांगोचं पाणी ओसरलेलं असतं आणि मोकोरोच्या कित्येक वाटा कोरड्या. चोबेत तेव्हा उन्हाचा कहर असतो, पारा चाळिशीला टेकतो, पण नदीकाठची गर्दी त्याच दिवसांत बघावी. मे महिन्यात हवा छान असते आणि चोबेला भरपूर पाणी असतं, पण आत तळी शिल्लक असल्याने हत्तींची दाटी अजून व्हायची असते. ओकावांगोचा पूर तेव्हा वरच्या भागात असतो, खालच्या कॅम्पांना वाट बघावी लागते. जुलै-ऑगस्ट दोन्हीसाठी उत्तम, आणि नेमकी तेव्हा शाळा सुरू असते.

मलेरियाची काळजी दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे मुलांच्या डॉक्टरांना निघायच्या बऱ्याच आधी भेटा. मुलांचा आईवडिलांची नावं असलेला जन्मदाखलाही कागदपत्रांत ठेवा.

मुलं दहाच्या आतली असतील तर मी कासानेला तीन रात्री आणि तिथून सुमारे 80 कि.मी.वरचा व्हिक्टोरिया धबधबा एवढंच करीन. त्यातूनही ओकावांगो बघायचाच असेल तर माउनहून तासाभराचं छोट्या विमानाचं उड्डाण मिळतं. सगळा पंखा वरून दिसतो. फक्त सकाळचं उड्डाण घ्या. दुपारच्या तापलेल्या हवेत विमान फार हादरतं आणि मुलांचं जेवण बाहेर येतं.