औट्रम घाट इंग्रजांनी ‘शोधला’ नाही

वर्षानुवर्षं फिरणारा एक मजकूर असा: ‘कन्नड-चाळीसगावचा औट्रम घाट इंग्रजांनी फोडला, त्याआधी मराठवाड्यातून खानदेशात उतरायला वाटच नव्हती.’

घाटाला एका इंग्रज अधिकाऱ्याचं नाव आहे, त्यामुळे असं वाटणं स्वाभाविक आहे. पण नाव मिळालं म्हणजे वाट तेव्हाच सुरू झाली, असं होत नाही.

याच डोंगररांगेत, कन्नड तालुक्यात, पितळखोऱ्याची लेणी आहेत. खोदायला सुरुवात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास. तिथल्या खांबांवरच्या ब्राह्मी लेखांत दात्यांची नोंद आहे, आणि त्यांत पैठणच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापारी कुटुंबातला एक जण आहे. पैठणचा व्यापारी इतक्या लांब, रानात, खांब दान करतो, कारण ही जागा त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असावी. मला तरी हा सगळ्यांत बोलका पुरावा वाटतो.

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण गुजरातमधल्या भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या अंतरावर सांगितलं आहे. पैठणहून अकीक हा रंगीत खडा आणि मराठवाड्यातल्याच तेरहून कापड गाड्यांत भरून भडोचला जाई. सातमाळ्याची ही डोंगररांग ओलांडल्याशिवाय हा माल तिकडे कसा पोचणार?

पुढे अहमदनगरच्या निजामशाहीतही वाटा वाहत्या होत्या. कन्नड तालुक्यातल्याच अंतूर किल्ल्याच्या परिसरातला फारसी लेखाचा दिशादर्शक दगडी खांब त्याच काळचा.

मात्र आजचा डांबरी रस्ता हीच ती प्राचीन वाट, असंही म्हणू नये. रांगेत उतरायच्या खिंडी अनेक आहेत.

पडताळायचं तर पितळखोऱ्याच्या लेखांचं छापील वाचन ग्रंथालयात मिळतं, आणि जिल्हा गॅझेटियरमध्ये अंतूरची नोंद पाहता येते.