हाडाचं आवरण काय सांगतं?

"कबड्डीत मार लागला आणि त्याचीच पुढं गाठ झाली." हाडाच्या कॅन्सरबद्दल आपल्या मराठवाड्यात गावोगाव हेच ऐकायला मिळतं. मुलाच्या गुडघ्याजवळ सूज दिसली की घरचे आठवू लागतात आणि पडल्याचा एखादा दिवस सापडतोच. त्या वयात न पडलेलं लेकरू कुठलं? पण माराने हाडाचा कॅन्सर होतो, याला पुरावा नाही. गाठ आधीपासून असते, माराच्या निमित्तानं तिकडं लक्ष जातं. कधी आतून पोखरलेलं हाड किरकोळ धक्क्यानं मोडतं आणि दोष धक्क्यावर जातो.

मुलांच्या हाडात सुरू होणाऱ्या घातक गाठींत ऑस्टिओसार्कोमा सर्वांत जास्त आढळतो. त्याचं मुख्य वय 10 ते 20. उंची झपाट्यानं वाढते तेव्हा मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक सर्वांत वेगानं वाढत असतं, आणि जवळपास निम्म्या गाठी तिथंच, गुडघ्याभोवती होतात. या गाठीतल्या बिघडलेल्या पेशी स्वतःच कच्चं हाड तयार करतात. सूक्ष्मदर्शकाखाली तीच तिची ओळख.

मला मात्र यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हाडावरचं पातळ आवरण. त्याच्या आतल्या थरात हाड घडवणाऱ्या पेशी असतात. मोडलेलं हाड जुळतं, त्यात या पेशींचा मोठा वाटा असतो. आतून काहीही वाढून आवरण उचललं गेलं की या पेशी कामाला लागतात आणि खाली नवं हाड रचू लागतात. गाठ सावकाश वाढत असेल तर त्यांना सवड मिळते आणि जाड, सलग थर तयार होतो. ऑस्टिओसार्कोमा ती सवड देत नाही. आवरण जिथं हाडापासून सुटतं त्या कडेलाच तेवढं हाड बनतं आणि एक्स-रेवर छोटा त्रिकोण दिसतो. बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावानं तो ओळखला जातो. आवरणाला हाडाशी बांधणारे बारीक तंतू ताणले जाऊन हाडाला काटकोनात उभे राहतात, त्यांच्या बाजूनंही हाड धरतं आणि सूर्यकिरणांसारख्या रेघा उमटतात. गाठ टप्प्याटप्प्यानं वाढली तर थरावर थर बसतात. त्यांना कांद्याच्या पापुद्र्यांचं नाव आहे. म्हणजे एका स्थिर चित्रात गाठीचा वेग नोंदलेला असतो!

हे पापुद्रे यूइंग सार्कोमा या हाडाच्या दुसऱ्या कॅन्सरात बरेचदा दिसतात. तोही मुलांचा आणि तरुणांचाच आजार, पण लांब हाडाच्या मधल्या भागात किंवा कमरेच्या हाडात होणारा. बहुतेक रुग्णांच्या गाठीत 11 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन जोडजनुक तयार झालेलं असतं. सोबत ताप असला की हाडात पू झाल्यासारखं वाटतं, आणि पू झाल्यावरही असेच पापुद्रे दिसू शकतात. म्हणून एक्स-रेवर थांबता येत नाही. कूर्चेचा कॅन्सर, कॉन्ड्रोसार्कोमा, बहुधा चाळिशीनंतरचा. त्यावर केमोथेरपी फारशी चालत नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते. उतारवयात मात्र हाडातला कॅन्सर बहुधा स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस अशा ठिकाणाहून आलेला असतो, किंवा मायलोमा, म्हणजे मज्जेतल्या पेशींचा कॅन्सर, असतो.

"सुई लावली की पसरतं" या भीतीनं बायोप्सी, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं, टाळली जाते आणि लेप, चोळणं, घट्ट पट्ट्या यांत मोलाचे आठवडे जातात. रात्री झोपेतून उठवणारं, आठवड्यागणिक वाढणारं दुखणं चोळून घालवायचं नसतं. सुईची वाट महत्त्वाची असते हे खरं. ती वाट पुढं गाठीसोबत काढून टाकावी लागते. म्हणून बायोप्सी पुढची शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाकडूनच करून घ्यावी.

केमोथेरपी येण्याआधी, पाय कापूनही ऑस्टिओसार्कोमाचे पाचातले जेमतेम एक रुग्ण वाचत, कारण निदानाच्या वेळीच न दिसणाऱ्या पेशी फुप्फुसात पोचलेल्या असत. आज गाठ पसरलेली दिसत नसेल तर 10 पैकी 6-7 रुग्ण वाचतात आणि बहुतेकांचा पायही राखता येतो. पण उपचार अनेक महिने चालतात, केमोच्या तारखा चुकवून चालत नाही. बीड, धाराशिवकडची कितीतरी कुटुंबं उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. अशा घरातल्या लेकराचे उपचार ठरवताना मुकादमाची उचल फिटली का आणि फडावरून कोण परत येऊ शकेल, हेही डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारायला हवं.